तुझ्या यादीबद्दल

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय बेटा,

आशीर्वाद.

वाचनालयासाठी नवीन पुस्तकं निवडायचं काम समितीनं तुझ्याकडे सोपवलं, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेली यादीही नीट वाचली. पुस्तकं चांगली आहेत. पण प्रत्येक नावापुढं तू जो अभिप्राय लिहिला आहेस, ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण’, ‘ओघवती भाषा’, ‘प्रत्येकाने वाचावे असे’, त्यात तू कुठंच दिसत नाहीस. हे शब्द पुस्तकाच्या मागच्या पानावरचे आहेत, पुरवणीतल्या परीक्षणातले आहेत. बचत गटाच्या बैठकीत व्याजाचा आकडा चुकला की तू भर बैठकीत उठून विचारतेस. सरपंचापुढं बोलायला कचरत नाहीस. मग लेखकापुढंच का कचरावं?

तू लिहिलंस, ‘काका, मी बी.कॉम. झालेली, मला साहित्यातलं काय कळतं, तुम्हीच चांगली पुस्तकं सांगा.’ सांगतो, माझी मतं मोकळेपणानं सांगतो. पण ती उतरवून समितीपुढं ठेवू नको. एकेक पुस्तक वाचून तपास, आणि जिथं पटणार नाही तिथं खोडून काढ.

आधी एक रीत सांगतो. एकटं पुस्तक हातात घेतलं की ते स्वतःबद्दल जे सांगतं तेच आपण खरं धरतो. म्हणून त्याच्या शेजारी दुसरं ठेवायचं, आणि मग दोन्ही घेऊन आपल्या वावरात, आपल्या चावडीवर यायचं. तिथं ती टिकतात का ते बघायचं. मी एवढंच करत आलो आहे.

आपल्या कपाटातलं सगळ्यात झिजलेलं पुस्तक कोणतं ते तू पाहिलंच असेल. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’. पुट्ठा बांधून बांधून थकला, तरी पोरं मागतात. का मागतात हे कळायला फार विचार करावा लागत नाही. अंगात गुण आहे, पण जन्म आडवा आला, आणि भरल्या सभेत कोणीतरी कूळ विचारलं. हे दुःख आपल्या गावात अर्ध्या घरांना ठाऊक आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितलेली ती कथा सोळाव्या-सतराव्या वर्षी वाचणाऱ्याला झपाटून टाकते. त्या झपाटण्याला मी कधीच कमी लेखणार नाही. पुस्तक वाचून रात्रभर झोप न आलेला पोरगा पुढं आयुष्यभर वाचतो.

पण त्याच्या शेजारी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ ठेव. दोन्ही पुस्तकं १९६७ ची. एकाच साली मराठीत महाभारताकडे बघायच्या दोन अगदी वेगळ्या नजरा आल्या, ही मला आपल्या भाषेची मोठी श्रीमंती वाटते. सावंत कर्णाला तेज देतात. कर्वे ते तेज बाजूला ठेवून माणसाकडे बघतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं पाठ तपासून सिद्ध केलेली महाभारताची आवृत्ती त्यांनी समोर घेतली, आणि भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांनी काय केलं, काय टाळलं, कुठं चुकले, याचा हिशेब मांडला. कर्ण कुठं कमी पडला तेही त्या सांगतात, आणि कुठंही आवाज चढवत नाहीत. आवडत्या माणसाचे दोष ऐकून घ्यायची सवय आपल्याकडे कोणाला नाही, ती या लहानशा पुस्तकानं लागते. त्यातला खांडववन जाळल्याचा लेख तर गडचिरोली-मेळघाटाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. लहानपणापासून आपण त्या कथेत अर्जुनाचा पराक्रम ऐकला. जंगलात राहणारे कोण होते, जनावरं कुठं पळाली, नागांचं काय झालं, हे विचारायचं आपल्याला सुचलं नव्हतं. कर्वे ते विचारतात. ‘मृत्युंजय’ मागणाऱ्या पोराला ते दे, आणि परत आणून देईल तेव्हा ‘युगान्त’ हातात ठेव. क्रम मात्र असाच ठेव, उलटा नको.

आता आपल्या मुलखाचं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ तू यादीत घातली आहेस, पण एकच प्रत. दोन घे. १९६० साली आलेली ही कादंबरी मोर्शीकडच्या भागातली आहे. कौतिक, तिचा नवरा महादेव, आणि ज्याच्या शाळेवर तिचा सारा जीव आहे तो नामा. नवरा कमावण्यात कच्चा, पुढं महारोगानं गाठलेला. बाई रोजमजुरीवर घर ओढते. यापलीकडे कथा सांगत नाही. तू यापुढं ‘वास्तव चित्रण’ लिहिलंस. वास्तव तर ग्रामपंचायतीच्या दारिद्र्यरेषेच्या यादीतही असतं. शेळक्यांनी जे केलं ते वेगळं आहे. त्यांनी कौतिकची कीव केली नाही. ती भांडते, हट्ट करते, नवऱ्याला बोलते, कधी कधी तिचाच अंदाज चुकतो, आणि लेखक मध्ये पडून तिची बाजू मांडत नाही. आणि ती सगळं वऱ्हाडीत बोलते. आपली बोली नाटकात आली की लोक हसायला तयारच बसलेले असतात. ‘धग’मध्ये एक बाई त्याच बोलीत मोडून पडते आणि हसू कोणालाच येत नाही. आपल्या बोलीत एवढं दुःख मावतं, हे मराठी वाचकाला या पुस्तकानं दाखवलं. माझ्या मते विदर्भात लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांत तिच्या तोलाची दुसरी नाही. हे मत मी सहजासहजी सोडणार नाही, पण तू वाद घालून बघ.

पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ही घे. तीही वऱ्हाडीतली, पण तिथं हसू आहे, आणि ते हसू खालच्या दुखण्यावर बरोबर बोट ठेवतं. हसवणारं आहे म्हणून तिला हलकं समजू नको.

‘धग’च्या शेजारी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ठेव. देशमुख बुलढाण्याकडचे, आणि या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही पुस्तकांमध्ये चाळीसेक वर्षांचं अंतर आहे आणि त्या अंतरात काय घडलं ते बघ. कौतिकला वाटतं, पोरगा शिकला की सुटका होईल. ‘बारोमास’मधला एकनाथ शिकलेला आहे, पदव्या हातात आहेत, आणि नोकरीसाठी पैसे मोजायची ऐपत नसल्यानं तो बापाच्या वावरात परत आला आहे. एका पुस्तकात शाळा हे दार आहे, दुसऱ्यात ते दार उघडून पलीकडे भिंत निघाली आहे. आपल्या अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या पोरा-पोरींना ‘बारोमास’ समजावून सांगावी लागणार नाही. मात्र दोष सांगायचे तर, एकनाथाचा संताप काही ठिकाणी भाषणासारखा लांबतो, आणि त्याची बायको अलका मला अपुरी वाटते. शेतीच्या घरात येऊन तिची जी घुसमट होते ती आपल्याला बहुतेक एकनाथाच्या बाजूनंच दिसते. तू त्या वयाची आहेस, लग्नाची बोलणी घरात चालू आहेत, कास्तकाराचा मुलगा नको म्हणणाऱ्या तुझ्या मैत्रिणी आहेत. अलकाबद्दल तुझं मत माझ्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. ते लिही.

महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ तुझ्या यादीत नाही, याचं मला नवल वाटलं. ‘विद्येविना मति गेली’ ही ओळ आपल्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आहे. ती याच पुस्तकाच्या सुरुवातीची. लोक तेवढी ओळ वाचून थांबतात आणि पुस्तक उघडत नाहीत. १८८३ साली लिहिलेलं आहे. त्या काळी आपल्याकडचा कापूस रेल्वेनं मुंबईला जायला लागून फार वर्षं झाली नव्हती. नागपूरपर्यंत रूळ १८६७ ला आले, आणि आपली पुलगाव-आर्वीची लहान गाडी तर पुढं कापसासाठीच टाकली गेली. फुले शेतकऱ्याच्या घरात शिरतात, त्याची भांडी, कपडे, गोठा, कर्ज सगळं दाखवतात. कचेरीत अडाणी माणसाची कागदानं कशी मुंडी मुरगाळली जाते ते दाखवतात. भाषा तिखट आहे, काही पानं फार तिखट आहेत, आणि ती वाचून कोणाला राग आला तर येऊ दे. पण मला या पुस्तकात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. शिव्या देऊन ते थांबत नाहीत, उपाय सांगतात. लष्कर आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांच्या हातून जागोजाग तळी, ताली, बंधारे बांधून घ्या, म्हणजे पाणी वावरात मुरेल, असं हा माणूस एकोणिसाव्या शतकात सरकारला सांगत होता. आपल्या नाल्यावर बंधारा झाला तेव्हा पाटीवर कितीतरी नावं लिहिली. मला तिथं फुल्यांची आठवण झाली.

याच कप्प्यात वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ ठेव. १९८१ पासून हे पुस्तक मराठीत वाचलं जातंय, शाळांच्या बक्षीस समारंभात वाटलं जातं, आणि म्हणून लोक त्याला ‘प्रेरणादायी’ असा शिक्का मारून मोकळे होतात. कापूस उत्पादकांनी ते वेगळ्या नजरेनं वाचलं पाहिजे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलाम आईच्या पोटी जन्मलेला. १८९६ मध्ये तो अमेरिकेच्या दक्षिणेत टस्कीगीला गेला तेव्हा तिथली जमीन सतत कापूस घेऊन घेऊन निकामी झालेली होती. त्यानं भुईमूग, चवळी, रताळी घ्यायला लावली. शेंगवर्गातली पिकं जमिनीला नत्र परत देतात, हे त्यानं गरीब काळ्या शेतकऱ्यांना साध्या पत्रकांतून शिकवलं, खेड्यापाड्यात गाडी घेऊन जाऊन शिकवलं. मग भुईमूग पिकला तर घेणार कोण, म्हणून त्याचे नाना उपयोग शोधले. आता आपल्या वावराकडे बघ. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, तुरीचं तास टाकायची आपल्या आजोबांची रीत होती, धुऱ्याजवळ मूग-उडीद असायचा. आता कित्येक वावरांत नुसती पऱ्हाटी, किंवा नुसतं सोयाबीन. सोयाबीनही शेंगवर्गातलंच, पण वर्षानुवर्षं तेच ते घेतलं तर जमिनीचं भलं होत नाही. ज्याच्या घरात पऱ्हाटी आहे त्यानं हे पुस्तक उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाल्यावर वाचावं, म्हणजे पुढच्या हंगामाचा विचार करायला हाताशी वेळ राहतो.

मासानोबू फुकुओकांचं ‘एका काडातून क्रांती’ मागवणारे दोघं-तिघं गावात आहेत, ते मला माहीत आहे. मागव. पण देताना सांग की हा माणूस जपानच्या शिकोकू बेटावरचा आहे. तिथला पाऊस, तिथली भातशेती, हिवाळ्यातलं जव, हे सगळं आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनीपासून फार दूर आहे. त्यांनी केलं तसंच्या तसं आपण केलं तर तण पऱ्हाटीच्या डोक्यावर जाईल. मग वाचायचं कशाला? त्यांच्या एका प्रश्नासाठी. शेतीत आणखी काय करू, असं सगळे विचारतात. त्यांनी विचारलं, काय केलं नाही तर चालेल? फवारणीच्या प्रत्येक खेपेआधी हा प्रश्न कास्तकारानं स्वतःला विचारला तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली.

आता जरा नाजूक ठिकाणी येतो, कारण इथं तुला गावात काम करायचं आहे.

आपल्या मंदिरात सप्ताहात ग्रामगीतेचं वाचन होतं. आपल्या विहारात वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मोठ्यानं वाचलं जातं. एकाच गावात दोन ग्रंथ, दोन्ही ऐकून पाठ होत आलेले, आणि एकाकडचा माणूस दुसरीकडे फिरकत नाही. तू दोन्हीकडे जात जा. कोणी काही म्हणालं तर वाचनालयाचं काम आहे म्हणून सांग.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता १९५५ मध्ये दिली. एक्केचाळीस अध्याय. त्यात ग्रामशुद्धी आहे, आरोग्य आहे, गोवंश सुधार आहे, महिलोन्नती आहे, लग्नातला खर्च आहे. देवाच्या नावानं बसलेल्या माणसाला संडास, सांडपाणी आणि उकिरडा यांवर बोलणारा दुसरा ग्रंथ मला माहीत नाही. ओवी सोपी, ऐकता ऐकता कळणारी. हा ग्रंथ डोळ्यांपेक्षा कानासाठी लिहिला आहे. माझी तक्रार ग्रंथाबद्दल नाही, आपण त्याचं जे केलं त्याबद्दल आहे. आपण पारायण करतो, आरती करतो, आणि ग्रामसभेला कोरमसुद्धा भरत नाही. एखादा अध्याय ग्रामसभेच्या दिवशी वाचून लगेच त्यावर बोलायला लोकांना बसवलं तर महाराजांना ते जास्त आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये आलं. मूळ इंग्रजीत आहे, आपण मराठी अनुवाद वाचतो. त्याची मांडणी बघ. लहान लहान वाक्यं, त्यांना आकडे दिलेले, म्हणजे कुठूनही उचलून दहा जणांत वाचता येतं आणि ‘त्या आकड्याचं वाक्य पुन्हा वाचा’ असं कोणीही सांगू शकतं. आयुष्यभर कायदा शिकलेल्या माणसानं सामान्यांसाठी ग्रंथ कसा बांधावा याचा हा नमुना आहे. आणि आत सतत कारण मागितलेलं आहे. सिद्धार्थानं घर सोडलं ते म्हातारा, रोगी, प्रेत पाहून, ही सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट बाबासाहेब तशीच मान्य करत नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर हे पाहिलंच नव्हतं हे पटत नाही, असं म्हणतात. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण ते पुढं आणतात. पाण्यावरून दोन गावं भांडतात हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागतं का? श्रद्धेनं वाचायचा ग्रंथ स्वतःच वाचकाला प्रश्न विचारायला शिकवतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. वाचनालयात ही दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर ठेव. शेजारी शेजारी. कोणाची हरकत आली तर मला कळव, मी येऊन बोलेन.

स्पर्धा परीक्षेची पुस्तकं यादीतून काढू नको. समितीतले काही जण म्हणतात की ही काही खरी पुस्तकं नाहीत. त्या पोरांच्या घरी अभ्यासाला जागा नाही, विकत घ्यायला पैसे नाहीत; वाचनालयानं त्यांना नाही म्हणायचं हे मला चालणार नाही. फक्त त्या फळीवर मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ सरकवून दे. पोरांना पंचायतींची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती पाठ आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा पाठ आहे, २००६ चा वनहक्क कायदा पाठ आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं या कायद्यांचं काय केलं, ते इथं वाचायला मिळतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांनी ऐकली असेल. पण घोषणेमागं किती बैठका आहेत ते पुस्तकात आहे. मतदान न घेता सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, अभ्यासगट चालवायचा, कागद स्वतः वाचायचा, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवायचा, मग बांबू स्वतः विकायचा. हे सगळं सावकाश घडतं, आणि पुस्तकही सावकाश चालतं. मधली काही पानं तुला कंटाळवाणी वाटतील. बैठकांचा कंटाळा सोसूनच ते गाव तिथवर पोचलं, म्हणून ती पानं गाळू नको.

मारुती चितमपल्लींची पुस्तकं जितकी परवडतील तितकी घे. निदान ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ आणि ‘चकवाचांदण’. सोलापूरचा हा माणूस वन खात्यात आला आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट करत आपल्या रानात मुरला. २०२५ साली ते गेले. गोंडांकडून, ढिवरांकडून, नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची नावं गोळा केली नसती तर त्यांतली कितीतरी आज कोणाच्याच तोंडी उरली नसती. वाचताना एक कर: त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं काय आणि कोणाकडून ऐकलेलं काय, हे वेगळं काढत जा. दोन्ही मोलाचं आहे, पण मोल वेगवेगळं आहे. बहुतेक ठिकाणी लेखकच ते सांगून जातो.

कवितेत सुरेश भटांचा ‘एल्गार’ हवाच. भट अमरावतीचे, नव्या कवींना नियम कळावेत म्हणून त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, यावरून माणूस कळतो. ग्रेसांची ‘संध्याकाळच्या कविता’ घे, पण ती कळली असं कोणाच्या भिडेनं म्हणू नको. मोठ्यानं वाच. नाद आवडला तर थांब, नाही आवडला तर पुस्तक परत ठेव. ‘श्यामची आई’ची आणखी प्रत नको, घरोघरी आहे. लवकर श्रीमंत करणारी आणि मन बदलणारी जी पुस्तकं तू शेवटी लिहिली आहेस, त्यांतली दोन पुरेत. पोरं मागतात, त्यांना ती मिळू देत. पण त्या पुस्तकांत बापाचं कर्ज, पडलेला भाव, पावसाचा खंड यांतलं काहीच नसतं. सगळा दोष वाचणाऱ्याच्या मनाचा असतो. आपल्या जिल्ह्यांत कर्जानं खचलेल्या घरातल्या पोराला ‘तुझ्या विचारांतच खोट आहे’ असं सांगणारं पुस्तक देताना माझा हात जड होतो.

‘लीळाचरित्र’ बघून समिती म्हणेल, हे कोण वाचणार? तरी घे. रिद्धपूर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे, तिथं आता मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं आहे, आणि इ.स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी हे पुस्तक तिथंच जमवलं. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ. चक्रधर स्वामींच्या आठवणी ज्याच्याजवळ होत्या त्याच्याकडे जाऊन, विचारून, म्हाइंभटांनी त्या लिहून घेतल्या. वाक्यं तुटक, घरगुती. कोण कुठं बसलं होतं, काय जेवलं, कोणी काय विचारलं. स्वामींची शिष्या महदाइसा तर विचारतच राहते, आणि तिच्या विचारण्यामुळं आपल्याला कितीतरी कळतं. जुन्या भाषेची पहिली काही पानं अडखळतील. म्हाताऱ्या माणसांसमोर वाच, त्यांना काही शब्द तुझ्याआधी लागतील. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात आधी चाळून ये, मग कोणती घ्यायची ते ठरव.

त्याच कानानं लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाच. १९३४ पासून भागाभागानं आली. नवऱ्यानं धर्म बदलला, घर मोडलं, पुढं ती स्वतः सोवळ्यातून एकेक पाऊल बाहेर आली. त्यातला काही काळ नागपूरकडचा आहे. एवढं सोसलेली बाई कोणावर डूख धरून लिहीत नाही, आणि नवऱ्याचे वेडेपणही झाकत नाही. मराठीत आत्मचरित्रं पुष्कळ आहेत, मला हे पहिल्या जागेवर ठेवावंसं वाटतं. बचत गटाच्या बायकांत मोठ्यानं वाचायला याहून चांगलं पुस्तक सापडणार नाही. ‘धग’ त्यानंतर.

अभिप्राय पुन्हा लिहिशील तेव्हा कथा सांगू नको. कुठं थांबून मागचं पान पुन्हा वाचलंस, कुठं विश्वास बसला नाही, आणि गावात हे पुस्तक पहिल्यांदा कोणाच्या हातात देशील, एवढं लिही. शेवटच्या प्रश्नाला नाव घालून उत्तर दे. समितीला त्यातूनच कळेल की पुस्तक का घ्यायचं.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’बद्दल मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही. १९६३ पासून त्यावर इतक्यांनी इतकं लिहिलं आहे की माझं मत आधी कळलं तर तुझं दबेल. तू ते कोऱ्या मनानं वाच. पांडुरंग सांगवीकर पुण्याहून गावी परत येतो. तूही वर्ध्याचं कॉलेज करून परत आलीस. त्याचं परत येणं तुला पटतं का, ते अर्ध्या पानात लिहून पाठव. पोस्टानं पाठव, नाहीतर बाजाराला येशील तेव्हा घेऊन ये. पटलं नाही तर मी समासात तसं लिहून परत देईन, आणि तू त्याच्याखाली उत्तर लिहायचं.

आईला नमस्कार.

तुझा,
काका